सहावी ते आठवीचे इतिहास प्रकल्प: शाळेच्या रजिस्टरपासून दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत

सातवीच्या वर्गाला इतिहासाचा प्रकल्प दिला की पुढच्या सोमवारी टेबलावर काय येऊन पडणार ते शिक्षकांना पाठ असतं. सायबर कॅफेतून काढलेली महाराजांची कलर प्रिंट, नेटवरून जशीच्या तशी उतरवलेली दीड पान माहिती, चकचकीत कागदाची बॉर्डर आणि वर स्केचपेनने नाव. यात पोरांचा दोष नाही. आपण त्यांना "रायगड" किंवा "१८५७ चा उठाव" असा नुसता विषय देतो, प्रश्न देतच नाही, मग ते पोर माहिती चिकटवणार नाही तर काय करणार, आणि घरी आईने रात्री अकरापर्यंत बसून ते पूर्ण करून दिलं तर तिलाही नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मी स्वतः वर्गात एक नियम ठेवलाय. प्रकल्प कुठलाही असो, त्यात पोराने एक तरी साधन स्वतः हाताळलेलं पाहिजे, आणि "हे तुला कसं कळलं?" असं विचारलं तर त्याला सांगता आलं पाहिजे. भौतिक, लिखित, मौखिक साधनं हा धडा आपल्या पुस्तकात अगदी सुरुवातीला असतो, आपण तो दोन तासांत उरकतो आणि वर्षभर परत त्याच्याकडे बघत नाही. खालचे सगळे उपक्रम म्हणजे तोच धडा वर्षभर पुरवून वापरणं आहे. खर्च जवळपास शून्य, सुतळी आणि झेरॉक्सचे पैसे सोडले तर.

सुरुवात सुतळीपासून

सहावीला हे पहिल्याच आठवड्यात करा, एका तासात होतं. दहा मीटर सुतळी घ्या, वर्गाच्या भिंतीवर किंवा व्हरांड्यात ताणून बांधा. प्रमाण ठेवा १ मीटर म्हणजे ५०० वर्षं. एका टोकाला "आज". आता पोरांनाच गणित करायला लावा. हडप्पा संस्कृतीची मोठी नगरं साधारण इ.स.पू. २६०० पासूनची, म्हणजे चिठ्ठी लागणार नऊ मीटरच्याही थोडं पुढे. सम्राट अशोक साडेचार मीटरच्या आसपास. शिवराज्याभिषेक १६७४ चा, तो आजच्या टोकापासून फक्त सत्तर सेंटिमीटरवर येतो, आणि १९४७ तर वर्गातल्या फूटपट्टीच्या अर्ध्या लांबीवर.

पोरांना इथे खरोखर धक्का बसतो, कारण त्यांच्या डोक्यात अशोक आणि शिवाजी महाराज दोघेही "खूप पूर्वी" असतात. सुतळी वर्षभर काढू नका, नवीन धडा आला की चिठ्ठी लावायची.

शाळेचं जनरल रजिस्टर

हा माझा सगळ्यात आवडता प्रकल्प आहे, आणि आठवीला तर करायलाच हवा. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा शंभरी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांचं दाखल-खारीज रजिस्टर ऑफिसच्या कपाटात पडून असतं, दाखल्याचं काम निघालं तरच बाहेर येतं. गावातला दुसरा कुठला दस्तऐवज एवढ्या घरांची नोंद एका जागी देत असेल असं मला वाटत नाही. शाळा नवी असेल तर गावातल्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विनंती करा.

पहिली पायरी परवानगीची. मूळ रजिस्टर पोरांच्या हातात द्यायचं नाही, पानं जीर्ण असतात आणि त्यात लोकांची जात, जन्मतारीख असं खाजगी काहीबाही असतं. मुख्याध्यापकांच्या समोर बसून शिक्षकाने दर दहा वर्षांतलं एक पान निवडावं, म्हणजे १९३५ चं एक, १९४५ चं एक, असं करत आजपर्यंत, आणि त्यातले ठरावीक रकानेच कोऱ्या कागदावर उतरवून घ्यावेत: मुलगा की मुलगी, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, कितवीत शाळा सोडली, सोडण्याचं कारण. नाव आणि जात उतरवायचीच नाही. याला शिक्षकाची एक दुपार जाते, पण पुढची काही वर्षं तोच कागद कामाला येतो. फार जुनं रजिस्टर असेल तर मोडीत लिहिलेल्या नोंदीही सापडू शकतात. मग गावातलं किंवा तालुक्यातलं कुणी मोडी वाचणारं आहे का ते बघा, आणि त्या माणसाला वर्गात बोलवून पोरांना आपापलं नाव मोडीत लिहायला शिकवा.

दुसरी पायरी मोजणी. पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एक दशक द्या. किती मुलं, किती मुली? पहिलीत येताना वय किती होतं? किती जणांनी चौथीच्या आत शाळा सोडली, आणि कारण काय लिहिलंय? "सतत गैरहजर", "परगावी गेल्यामुळे", असले शेरे वाचताना पोरं आपोआप विचारायला लागतात की हा सतत गैरहजर का असेल, सुगीत असेल का, गुरांमागे गेला असेल का. गणिताच्या सरांना सोबत घ्या, स्तंभालेख त्यांच्या तासाला काढून होतो.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, ती म्हणजे १ जून. जन्मतारखेचा रकाना बघताना कुठलातरी गट ओरडणारच, की बाई, इथे सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला आहे! त्यांना लगेच कारण सांगू नका. घरी जाऊन आजोबांचा वाढदिवस विचारून या म्हणा, मग दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग "१ जून" घेऊन येतो. मग उलगडून सांगायचं, की पूर्वी घरच्यांना जन्माची तारीख माहीत नसायची, पोर पोळ्याच्या आसपास झालं किंवा मोठ्या पावसाच्या वर्षी झालं एवढंच ठाऊक असायचं, आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची म्हणून गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकून द्यायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदाच मुळी १९६९ चा आहे. प्रत्येक दशकात १ जूनवाले किती ते मोजा, तो आकडा कमी कमी होत जातो तिथे गावात दवाखाना कधी आला, बाळंतपणं घराऐवजी दवाखान्यात कधीपासून व्हायला लागली, असे प्रश्न निघतात.

हे मी इतकं लांबवून लिहितेय कारण सरकारी कागदावर शिक्का मारून लिहिलेली गोष्टसुद्धा कुणीतरी, काहीतरी कारणाने लिहिलेली असते, हे तेरा वर्षांच्या पोराला भाषणातून कळत नाही. आजोबांचा एक जून बघून ते एका दिवसात कळतं. नंतर तुम्ही बखर शिकवा, इंग्रजांचा रिपोर्ट शिकवा, "हे कुणी लिहिलं आणि का?" हा प्रश्न वर्गातूनच येतो.

शेवटी प्रत्येक गटाने एकच पान लिहायचं: आम्हाला काय दिसलं, आम्हाला काय वाटतं, आणि काय अजून कळलेलं नाही. मुलींचा आकडा कुठल्या दशकात उडी मारतो ते दिसलं की १८४८ साली भिडेवाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा आणि आपल्या गावातली पहिली मुलगी यांच्यात किती वर्षांचं अंतर आहे ते सुतळीवर लावा. कुठे हे अंतर पन्नास वर्षांचं निघेल, कुठे शंभर. तसंच २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्यानंतरच्या पानावर चौथीच्या आत शाळा सोडणारे किती उरले तेही बघायला लावा.

आजी-आजोबांची मुलाखत, पण नीट

"आजीची मुलाखत घ्या" एवढंच सांगितलं तर पोरं "तुमच्या काळी कसं होतं?" विचारतात आणि आजी "लई चांगलं होतं" म्हणते, संपला प्रकल्प. म्हणून एकच घटना निवडा. मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, नगर, नाशिक या भागात १९७२ चा दुष्काळ घ्या, तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज साठीच्या पुढे आहेत आणि बहात्तर म्हटलं की ती स्वतःहून बोलायला लागतात. कराड-पाटणकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा (हा तर आईवडलांनाही आठवतो), पुण्यात १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत, मुंबईत १९८२ चा गिरणी संप किंवा २६ जुलै २००५ चा पाऊस. गोव्यातल्या वर्गाला १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती आहेच, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौलही आहे, ज्याच्यावर एकाच घरात दोन मतं ऐकायला मिळू शकतात. परदेशातल्या मराठी शाळांमधल्या मुलांना हे व्हिडिओ कॉलवरही जमतं.

बहात्तरचं उदाहरण धरून सांगते. मुलाखतीच्या आधी एक तास वर्गात प्रश्न बनवण्यात घालवा. ज्याचं उत्तर हो किंवा नाही येतं तो प्रश्न खोडायचा. प्रश्न वस्तूंवरून आणि रोजच्या कामावरून विचारायचे, कारण माणसाला तारखा आठवत नाहीत पण भाकरी आठवते. पाणी कुठून आणायचे आणि कोण आणायचं? घरात काय खाल्लं? (इथे मिलोचं नाव येतंच, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ.) जनावरांचं काय केलं? दुष्काळी कामावर घरातलं कोण गेलं, खडी फोडली की माती वाहिली? मजुरी किती, आणि ती रोख मिळाली की धान्यात? वय काढायचं असेल तर "तेव्हा तुम्ही कितवीत होता, की लग्न झालं होतं?" असं विचारायचं.

मुलाखतीला दोघांनी जायचं, एकाने विचारायचं आणि एकाने लिहायचं. मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून, आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव बोलून घ्यायचं, नाहीतर महिनाभराने कुठली क्लिप कुणाची ते कळत नाही. बोलता बोलता माणूस गप्प झालं तर पुढचा प्रश्न विचारायचा नाही, थांबायचं. दुष्काळात घरातलं कुणी गेलेलं असतं, कुणाला कुठल्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते ते आठवतं. जातीचा विषय निघाला तर तो कापून टाकू नका, पण वर्गात वाचून दाखवण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी घ्या आणि नाव काढून वाचा.

लिहून काढताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. आजी वऱ्हाडीत बोलली तर वऱ्हाडीतच लिहायचं, अहिराणी असेल तर अहिराणी, मालवणी तर मालवणी. पोरं त्याचं "शुद्ध" मराठी करायला जातात, तिथे त्यांना थांबवा. जे शब्द बोलले गेले तेच साधन आहे.

यानंतरचा टप्पा बऱ्याचदा राहून जातो, तो म्हणजे पडताळणी. एकाच गोष्टीबद्दल दोन माणसांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. मजुरीचा आकडा वेगळा निघेल, सालही वेगळं निघेल, कारण टंचाई काही एका वर्षात आली आणि गेली असं झालं नव्हतं. कोण खोटं बोलतंय हा इथे प्रश्न नाही, दोघं कुठल्या कामावर होते, एक बाई आणि एक पुरुष होता का, ते विचारायला लावा. मग शिवारात जा. बहात्तरच्या कामावर बांधलेला पाझर तलाव, नालाबांध किंवा रस्ता अनेक गावांत आजही आहे आणि आजोबाच तो दाखवतात. तलावाच्या बांधावर उभं राहून हा बांध कुणी, कुठली मजुरी घेऊन बांधला हे पोरांना कळतं, आणि तिथून रोजगार हमीकडे जाता येतं: महाराष्ट्राने त्याचा कायदा १९७७ ला केला, देशाचा ग्रामीण रोजगार हमी कायदा आला २००५ ला. नागरिकशास्त्राचा तासही त्यातच झाला.

पुरंदरचा तह वर्गात घडवा

सातवीला पुरंदरचा तह "२३ किल्ले दिले" या एका वाक्यात संपतो, आणि ते वाक्य परीक्षेत रिकाम्या जागेत येतं. याला दोन तास द्या. मात्र धडा शिकवायच्या आधी करा, तह माहीत झाला की मजा जाते.

पहिल्या तासाला नकाशा. पुरंदर, कोंढाणा, राजगड, तोरणा, लोहगड, रायगड, कर्नाळा, माहुली अशा पंधरा-वीस किल्ल्यांच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येक चिठ्ठीवर किल्ला कुठे आहे, कुठल्या घाटावर, वाटेवर किंवा मुलखावर नजर ठेवतो एवढंच लिहा. परिस्थिती सांगा: १६६५ साल आहे, मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान मोठी फौज घेऊन आलेत, पुरंदराला वेढा पडलाय, गडाचे किल्लेदार मुरारबाजी पडलेत, आसपासची गावं जळतायत. आता चार गट. एक महाराजांचे सल्लागार, एक जयसिंगाची बाजू, एक विजापूरच्या आदिलशहाचा वकील, आणि एक गट मुलखातली रयत. या चौथ्या गटाला मी मुद्दाम हुशार पोरं देते, कारण पुस्तकात त्यांना बोलायला जागा मिळत नाही.

सल्लागारांना सांगा, तह करावाच लागणार आहे, निम्म्याहून जास्त किल्ले द्यावे लागतील, कुठले ठेवाल? कारणासकट लिहा. पोरं आधी भावनेने निवडतात, सगळ्यांना प्रसिद्ध किल्ले हवे असतात, मग कुणीतरी म्हणतं की अरे ठेवलेले किल्ले एकमेकांच्या जवळ नकोत का, कोकणात उतरायची वाट नको का. तिथून खरी चर्चा सुरू होते.

दुसऱ्या तासाला प्रत्यक्षातली कलमं फळ्यावर लिहा: २३ किल्ले आणि ४ लाख होन (सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख मोगलांना, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख महाराजांकडे, संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब (मोगल दरबारातला हुद्दा), विजापूरच्या मोहिमेत मोगलांना मदत. राजगड, तोरणा, रायगड राहिले, कोंढाणा आणि पुरंदर गेले. आपली यादी आणि खरी यादी ताडून बघा. मग पुढचा धागा जोडायला लावा: १६६६ ला आग्रा, फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा परत घेतला, त्यानंतर महिन्याभरात पुरंदरही आला. दिलेलं पाच वर्षांत परत घ्यायला सुरुवात झाली, तर मग हा तह हार होता की वेळ विकत घेणं होतं, यावर दोन्ही बाजूंनी लिहू द्या.

एक काळजी घ्या. ही लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान अशी वर्गात रंगायला लागली तर तिथेच थांबवून विचारा, मोगलांचा सेनापती जयसिंग कोण होता? आणि आदिलशाहीविरुद्ध मोगल का लढत होते? पोरांना उत्तर लगेच सापडतं.

दिवाळीचा किल्ला, खऱ्या किल्ल्यासारखा

किल्ला पोरं करणारच आहेत, माती, गोणपाट, विटा, वर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ, मातीचे मावळे. आपण त्याला फक्त थोडं वळण द्यायचं. सुट्टीच्या आधी प्रत्येक गल्लीतल्या गटाने एक खरा किल्ला निवडायचा आणि उपग्रह नकाशावर त्याचा आकार बघून कागदावर काढायचा. राजगड घेतला तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला आलाच पाहिजे. रायगड घेतला तर दोन बुरुजांच्या आड लपलेला महादरवाजा.

सोबत चार प्रश्न द्या: पाणी कुठे साठवलंय? धान्य कुठे? शत्रू कुठल्या बाजूने येईल? दरवाजा तिथेच का? पाण्याचा प्रश्न सगळ्यात आधी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही किल्ला बांधायच्या आधी जागेवर पाणी आहे का ते बघा असं बजावलंय, आणि एका झऱ्यावर विसंबू नका, तळी-टाकी बांधून ठेवा असंही. ज्या किल्ल्यावर एकही टाकं नाही तो किती दिवस लढेल ते पोरांना विचारा.

मावळे कुठेही रोवू नका म्हणावं. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत, पहारा आणि किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, धान्य-दारूगोळ्याचा साठा तिसऱ्याकडे. तीन बाहुल्या त्यांच्या नावाने ठेवा आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला पोरांनी सांगायचं की सगळा अधिकार एकाच माणसाकडे का दिला नव्हता. फोटो सुट्टीनंतर वर्गात आणायचे, प्रिंट काढायची गरज नाही.

गावच्या वेशीवरचा दगड

मंदिराजवळ, वेशीवर किंवा शेताच्या बांधावर वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, सापडते का बघा, महाराष्ट्रात अशी गावं भरपूर आहेत. ती खालून वर वाचायची: तळाच्या चौकटीत लढाई किंवा पळवून नेलेली गुरं, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळींवर तर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे, मुंबईच्या शाळांनी जरूर न्यावं. कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात असेल तर तो सतीचा दगड, त्यावर बोलताना शिक्षकाने आधी तयारी करून जावं.

लोक त्याला शेंदूर लावत असतील तर आधी गावकऱ्यांना विचारा. टेपने उंची-रुंदी मोजा, चित्र काढा, फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्या, तिरपं ऊन पडलं की कोरीवकाम उठून दिसतं. खडू फिरवायचा नाही, तेल-पाणी ओतायचं नाही, दगड हलवायचा नाही.

मार्क कसे द्यायचे

आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला जे गुण असतील त्यातले निम्मे सरळ "कसं कळलं" याला द्या. म्हणजे साधन कुठलं, ते कुणी कधी केलं, दुसऱ्या साधनाशी ताडून बघितलं का. चौथा हिस्सा प्रश्नाला, उरलेले मांडणीला. सजावटीला शून्य, आणि हे पालकसभेत आधीच सांगून टाका म्हणजे कुणाचा खर्च आणि रात्रीची जागरणं वाया जात नाहीत. ज्या पोराला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगावं, मुलाखतीच्या प्रकल्पात अशी पोरं कितीदा सगळ्यात पुढे असतात.

वर्षाची आखणी साधारण अशी जमते: सुतळी जूनमध्ये, किल्ला दिवाळीला, वीरगळ आणि पाझर तलाव डिसेंबर-जानेवारीत रान मोकळं आणि ऊन कमी असताना, मुलाखती त्याच्या आधीच्या महिन्यात. पुरंदरचा तह तुमच्या धड्याच्या क्रमाप्रमाणे. जनरल रजिस्टर मात्र जूनमध्ये मागू नका, तेव्हा ऑफिसात ॲडमिशन आणि दाखल्यांची गर्दी असते, ऑगस्टमध्ये मागा, आणि पहिल्या दिवशी जाताना कोणते रकाने उतरवणार त्याची यादी लिहून मुख्याध्यापकांच्या हातात द्या.